नाव

रात्री साडेनऊला हरिपुरात
सतपालचा फोन येतो, मागे नुसता वारा.
लिथुआनियात ट्रक चालवतो तो. आज सुट्टी,
क्लायपेडाच्या वाळूत उभा आहे, बूट हातात.
"आत्या, इथं एक पाटी आहे.
दोन पांढऱ्या लाटांच्या मधून काळा बाण
सरळ समुद्रात निघालाय.
खाली हातभर लांब शब्द.
आपल्यात काय म्हणतात याला?"

आपल्यात समुद्र कुठला, मी म्हणते.
खाटेवरनं अण्णा: "मोठ्या आवाजावर टाक."

शिदू अंबी, वय ब्याऐंशी.
होडी विकून वीस वर्षं झाली,
मुठी अजून वल्ह्याच्या मापाच्या.
"मधलं पाणी निवांत दिसत असंल.
पोरं तिथंच उतरत असतील."
"होय आजोबा."
"मग तीच ती."

वारणा कृष्णेत शिरते तिथल्या
एकेका ओढीला अण्णांनी नाव ठेवलंय:
मास्तराची. दोघी बहिणींची. तांबड्या बैलाची.
ज्याला नेलं, त्याचं.
नवशिक्याला सांगायचे,
मास्तराला उजवं घाल, बहिणींच्या मधी शिरू नको.
एका जागेला मात्र नाव नाही.
तिथं ते नुसती वल्ही उचलून धरायचे
आणि होडी आपली आपण पुढं जायची.

सतपाल सांगतो, डेपोतल्या दाइनाच्या आजीचा शब्द वेगळा,
पाटीवरचा वेगळा, जीवरक्षक तिसराच बोलतो.
"शेपूट तेवढं सगळ्यांचं एक. स्रोवे.
म्हणजे वाहतं पाणी."
मला शाळेतलं स्रवणं आठवतं, स्रोत आठवतो.
अण्णांना गळकी होडी.

"ऐक," ते म्हणतात, "उलटं मारायचं नाही.
काठाकडं तोंड करून झगडतो तो दमतो.
आडवं सुटायचं, काठाच्या अंगाअंगानं.
तिचा जोर सरला की मग तिरपं यायचं.
हात वर करायचा. हाक मारायला लाजायचं नाही."

वारा.
मग सतपाल, हळू:
"बाबांना हे म्हाईत नव्हतं?"

पंखा फिरतो. मी फोन घेऊ लागते,
अण्णा देत नाहीत.
"म्हाईत होतं. मीच शिकवलेलं.
पण मी काठावर उभा होतो ना.
माझ्याकडं बघत सरळ आला."

बराच वेळ तिकडचा समुद्र आमच्या खोलीत येत राहतो.
"तो शब्द परत म्हण," अण्णा म्हणतात.
स्रोवे.
ते म्हणून बघतात, चुकतो. पुन्हा. तिसऱ्यांदा जमतो,
आणि दोन्ही मुठी चादरीवरून
बोटभर वर उचललेल्या.