आयत्या वेळचे विषय

पोर्तो, नोव्हेंबर. गणपूर्तीला हवेत अकरा.
उपस्थित सात, आणि बेल्मीरोची काठी,
जी तो मागच्या सभेला विसरून गेला
आणि न्यायला आलाच नाही.

कंपोझिटरांच्या परस्पर साहाय्य मंडळाचं
इतिवृत्त मी सदतीस वर्षं लिहिते.
शिशाचे खिळे उलटे वाचायची सवय,
त्यामुळे असेल,
मला गोष्टी शेवटाकडून आधी कळतात.

लाभ छापलेत पावतीच्या पाठीवर:
शिसं बाधू नये म्हणून रोज अर्धा लिटर दूध.
संप असेल तर बटाटे.
मेल्यावर पेटी, फुलं, आणि खांद्याला सहा जण.

शिसं गेलं.
छापखान्याचं हॉटेल झालं, तिथे काचेत मांडलेत आमचे खिळे,
दोन चुकीच्या घरात.
संप आता कुणाविरुद्ध करायचा?
पेटी तेवढी लागते अजून.
बेल्मीरोला न्यायला चार जमले,
दोन फुलवाल्याची पोरं घेतली, पैसे देऊन.

विषय पहिला: वर्गणी वाढवणे.
एउरीकू म्हणाला, कुणाची?

विषय दुसरा: मंडळ विसर्जित करणे.
सूचक मिळाला.
अनुमोदक पाण्याचा पेला न्याहाळत बसला.

तेवढ्यात खालची घंटा.
जिन्याशी एक पोरगा, पाठीवर चौकोनी पेटी,
आत दुसऱ्यांचं गरम जेवण, हात बर्फ.
नाव जुसिएल, ब्राझीलचा.
मंडळाबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं.
संडास कुठे आहे, एवढंच.

मग फोन चार्ज होईपर्यंत बसला,
काठी हलकेच बाजूला ठेवून, त्याच खुर्चीत.
कुणी काही बोललं नाही.
इदालीनाने विचारलं, सायकलवरून पडलास तर?
फोनवरचं काम बंद होतं, म्हणाला.
आणि दवाखान्यात कोण नेतं?
टेकबहादुर नेतो. त्याची ऑर्डर नसेल तर.

मी पावती उलटी केली.
दूध. बटाटे. सहा जण.
वरून खाली वाचलं, मग खालून वर.

आयत्या वेळचा विषय, म्हटलं मी,
अध्यक्षांची परवानगी असेल तर.
(अध्यक्ष बेल्मीरो होता.
आम्ही सगळ्यांनी काठीकडे पाहिलं.)

एउरीकू उसळला: हा कंपोझिटर नाही!
आपण तरी कुठे आहोत, एउरीकू,
चोवीस वर्षं झाली.

ठराव: खोली रात्री बारापर्यंत उघडी.
दूध पूर्ववत, पण गरम करून.
किल्ली जुसिएल आणि टेकबहादुरकडे.
वर्गणीचं पुढे बघू.
मंडळाच्या नावाचंही.

विरोधात एक मत, एउरीकूचं. नोंद आहे.
दुसऱ्या दिवशी तो घरून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला,
न बोलता भिंतीशी लावला, वायर पायात येऊ नये म्हणून
चिकटपट्टी मारली, दोनदा.

प्लगची घरं सहा.
मी मोजली.