मूळ चालू आहे

पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच झाड काढलं:
तपकिरी खांब, वर हिरवा ढग,
ढगात सात लाल सफरचंदं.
रास अल खैमाच्या या वर्गातून
असं झाड कुणाला कधी दिसलेलं नाही.

मंगळवारी मागच्या कुंपणापाशी नेलं त्यांना, गाफखाली.
मातीचे गोळे ओल्या फडक्यात.
पान इवलंसं, चिमणीच्या नखाएवढं.
मैथाने दाबलं, उचललं,
मातीत तिचं बोटच उमटलं.
"झाड लाजतंय," ती म्हणाली.
मग अख्खी डहाळीच दाबली आम्ही.
आधी काट्यांचे टोचे आले,
पानं मागाहून, रांगेने.
पाच मिनिटांत ऊन माती पिऊन बसलं.
अन्विनला ठशापेक्षा भेगाच आवडल्या.

रुईचं बोंड मीच फोडलं,
चीक कुणाच्या डोळ्यांत जायला नको.
आतून भुरुभुरु म्हाताऱ्या.
आमच्यात हिला म्हातारी म्हणतात, मी बोलून गेले,
आणि वीस जण, जमेल त्या जिभेनं,
"माताली! माताली!" करत उधळले.
डिंक लावलेले कागद तसेच राहिले.
एकच चिकटली,
तय्यिबच्या भुवईला.

"आणि खाली काय आहे?" त्यानेच विचारलं.
मूळ. तीस मीटरही जातं म्हणे.
पण तीस म्हणजे किती,
पाच वर्षांच्या माणसाला?
कागद संपला, तेव्हा निळ्या लोकरीचा गुंडा काढला.
भिंतीवरच्या खोडापासून निघालो,
पाण्याचा कूलर, नर्सबाईंची खोली,
ऑफिसचं वळण.
मुख्याध्यापिका अबाया उचलून ओलांडून गेल्या.
तय्यिबने माझ्याकडून पाटी लिहून घेतली:
सावकाश. मूळ चालू आहे.

फाटकावर गुलजमान चौकीदार
खुर्चीतून उठला. "हे कुठं निघालंय?"
"पाण्याकडे," मैथा म्हणाली,
दुकानात चाललोय म्हणावं तसं.

अकरा वर्षं हायवेवरून या झाडांना बघत आले,
धुळीने माखलेली, उंटांनी खालून कातरलेली.
त्या दिवशी लोकर धरून वाकले, तेव्हा कळलं,
ही तर शमी.
दसऱ्याला बार्शीत हिच्याच पुढे
वडील चपला काढून उभे राहायचे.
मुलांना सांगितलं नाही.
त्यांचं मूळ मध्येच कशाला अडवा?

दुसऱ्या दिवशी धनमायाने झाडताना
सगळी लोकर गुंडाळून आणून दिली.
फाटकाखालचा हातभर तुकडा
तेवढा तिथंच होता.
ओढला, म्हणाली,
आला नाही.