सुरगाठ

दर सोमवारी खंडेराव मार्केटातून
मी भाजी आणतो, खायची नव्हे, बघायची.
जशीबेनला हे अजून पटलेलं नाही.
"मोहिते, कोबीज एकदम ताजी छे," ती म्हणते,
मी कोबी उलटा करून देठ बघतो,
कडेची पानं सुटलीत का बघतो.
फणसे मॅडमना जरा कुरूपच लागतो.
पावतीवर लिहितो: स्थिरचित्र, रुपये एकशे दहा.
ऑडिटवाला विचारतो,
हे किलोवर मिळतं की नगावर?

यंदा मॅडमनी एक जुनं चित्र दाखवलं, छापील,
स्पेनमधलं, चारशे वर्षांमागचं.
दगडी खिडकी. आत काळोख असा,
की हात घातला तर कोपरापर्यंत जाईल.
दोरीला टांगलेला कोबी,
खाली कापलेलं खरबूज,
कठड्याबाहेर नाक काढून एक काकडी.
माणूस नाही. ताट नाही.
तिकडे म्हणे भाजी अशीच टांगत, घरोघर,
उंदरांच्या भीतीनं.
म्हणजे चित्रकारानं वेगळं काही केलंच नाही,
फक्त स्वयंपाकाला उशीर केला.

फळीला काळा रंग दिला, चौकट ठोकली,
स्टुलावर चढून कोबी टांगला.
खरबूज मिळेना, पपई कापली.
बावीस पोरं, बरीचशी हॉस्टेलची, महिनाअखेर.
दुसऱ्या दिवशी पपईची एक फाक गायब.
एकवीस चित्रांत ती तशीच राहिली,
एकानं पुसून टाकली.
प्रामाणिक पोरगा. त्यावरूनच सापडला.

रिवाज असा, की शुक्रवारी वर्ग सुटला
की माल माझा.
आमच्या घरी कोबी शिजतो तो रंगवून झालेला.
मंदा वरची दोन पानं काढते,
"किती जणांनी बघितलाय मेला,"
आणि चिमूटभर मीठ त्याच्यावरून ओवाळून
मगच फोडणीत टाकते.

त्या शुक्रवारी उर्वी झवेरी म्हणाली,
काका, राहू दे ना, माझं झालं नाही.
सोमवारीही झालं नव्हतं.
कोबी पिवळा पडत गेला, हलका झाला,
पंख्याच्या वाऱ्यानं आपल्याशीच गिरक्या घेऊ लागला.
मुलगी गप्प बसून.
नवव्या दिवशी वासानं मॅडमनी खिडक्या उघडल्या.
घरी आम्ही पिठलं खाल्लं, सलग तीनदा.
मी काही बोललो नाही.
मंदा बोलली.

माघात प्रदर्शन लागलं.
लोक कोबीपुढे थांबत, मान तिरकी करत,
हिरव्यातला तो पिवळा किती सुंदर, वगैरे.
मी दोरी धरून वर वर गेलो.
खिळ्यापाशी तिनं गाठ काढली होती.
सुरगाठ. डाव्या हाताची,
एक टोक आखूड.
माझी.
निरगाठ मी तिथं मारतच नाही,
शुक्रवारी घाई असते;
टोक ओढलं की कोबी हातात.

रविवारी पहाऱ्याची पाळी माझी होती.
मंदा डबा घेऊन आली, दोन वाजता,
दालनात कुणी नव्हतं.
तिला गाठ दाखवली.
डबा तसाच हातात धरून
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
"ओढा की."