चिंचबैलची गवी

फॉर्मवर पहिला रकाना : वास्तूचे नाव.
देसायांच्या दप्तरात मोडीत लिहिलंय, शिंपमहाल.
बंगल्यापासून आंब्यांच्या रांगेतून इथवर चालत आलो,
वाटेत कुणीच ते नाव घेतलं नाही.
किल्लीवाली भरमाक्का म्हणाली, गवी.
कानडीत गवी, आमच्यातबी गवीच.
लिहा की हो, त्यात कुणाचं भांडण नाही.

लिहिलं.

लांबी अठ्ठावीस फूट. रुंदी कमी-जास्त.
जांभा, चुना, वर रचलेला मातीचा डोंगर,
त्यावर कण्हेर माजलेली.
डोंगर खोटा आहे हे उंदरांना माहीत,
ते आरपार जातात.

आत टॉर्च मारला आणि भिंती
एकदम ओल्या दिसल्या. हात लावला, कोरड्या.
तिसऱ्या, खुबे, कवड्या,
मधूनच कॅम्पातल्या मेसच्या
फुटक्या बशीची निळी किनार.
वेंगुर्ल्याहून रामघाट चढून आलं हे सगळं.
बावीस गाड्या. वाटेत एक बैल मेला,
त्याचेही पैसे दप्तरात आहेत.
बसवणारा कायतान, बारदेसचा.
दोन पावसाळे, दोन उन्हाळे
समुद्राची हाडं चुन्यात रोवत राहिला
जिथं पाणी म्हणजे मलप्रभा, आणि मीठ म्हणजे विकत.

देसायांनी कुणा गोऱ्या साहेबाकडून ऐकलं होतं :
विलायतेत बागेत गुहा असते,
आणि गुहेत साधू.
गुहा झाली. साधू मिळेना.
खरे होते ते पगारावर येईनात.
म्हणून रवळू पाखरे, कौलाच्या भट्टीवरचा,
दाढी बरी होती म्हणून.

करार असा :
केस कापू नयेत.
नखे काढू नयेत.
तंबाखू नाही. पाहुण्यांशी बोलू नये,
पाहुणे आले की डोळे मिटावेत.
दरमहा रुपये चार. कफनी बंगल्याची.

चार वर्षं मिटले त्यानं.
मडमा वाकून बघत. एकीनं बिस्किट ठेवलं,
ते मुंग्यांनी नेलं, तो बघत नव्हता.
मग कधीतरी कापोलीकडची एक बाई
तापानं फणफणलेलं पोर घेऊन समोर येऊन बसली.
तिला पगाराचं कुणी सांगितलं नव्हतं.
रवळूनं काय केलं, दप्तरात नाही.
पुढची ओळ एवढीच :
साधू निघून गेला. कफनी जमा. शोध घेऊ नये.

कुठं गेला असेल?
जातोय कुठं, भरमाक्का म्हणाली, घरी गेला.
माझ्या आज्ज्याचा बा तो.
दाढी काढली, दुसऱ्या दिशी भट्टीवर हजर.

शेवटचा रकाना : नुकसान.
डाव्या भिंतीवरचे शिंपले गळालेले, असं लिहीत होतो,
ती म्हणाली, खाली बसा की सर,
उभ्यानं काय कळतंय.

दगडी बैठक थंड, मधोमध झिजलेली.
बसलो. पाठ टेकली.
डावा हात उगाच लांब केला
आणि बोट शेवटच्या खळग्यात जाऊन थांबलं.
त्यापलीकडे एकही शिंपला हललेला नाही.
अलीकडे एकही शिल्लक नाही.

हत्यार कुठलं होतं त्याच्याकडं?
नखं होती की, ती म्हणाली. ठेवायचीच होती ना.
पाहुणे नसले की एक-एक उकरायचा.
रात्री न्यायचा कनवटीला लावून, पोरींना खेळायला.
आता?
आता एकबी नाही हो. पोरी होत्या, हरवल्या असतील.

बाहेर कण्हेरीत कोतवाल ओरडत होता.
मी 'गळालेले' खोडलं.
लिहिलं : व्याप्ती, बसलेल्या माणसाच्या हाताएवढी.

ऑफिसात हे चालणार नाही.
फूट-इंचात मागतील.

दोन फूट तीन इंच.