डोकं आणायला मिरजेला

डोकं आणायला मिरजेला निघालेय, असं बोलून गेले
आणि स्टाफरूमला आठवडाभर पुरला तो विनोद.
तारळेकर सर म्हणाले, बाई, माझ्यासाठीही एक बघा.

त्यांना काय सांगू.
तिन्ही पाय माझे शाबूत आहेत, चिखलात रोवले तरी हलत नाहीत.
भांडण आहे वरच्या गोळ्याशी.
हातभर लांब लेन्स चढवून, चौकट ठरवून, स्क्रू आवळून
हात काढला की ती मान टाकते.
फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी.
पण दूर माळावर त्या एका दाण्यात
अख्खा पक्षी निघून जातो चौकटीबाहेर
आणि माझ्याकडे उरतं कुसळी गवत.

दस्तगीरभाईंच्या दुकानात सगळे निवृत्त कॅमेरे,
हजार लग्नं बघून दमलेले.
त्यांनी फडकं अंथरून तीन डोकी मांडली.

पहिलं पाळण्यासारखं.
लेन्स त्यात टांगली, बोटभर मागे सरकवली, सोडून दिली.
जिथं सोडली तिथंच.
मी तर तिथंच पैसे काढत होते.
"उडत्याचे फोटो काढायचे तर हेच," ते म्हणाले,
"पण व्हिडिओत तुमच्या हाताची प्रत्येक शंका दिसेल."

दुसऱ्याकडे त्यांनीच बघू दिलं नाही.
"त्याच्यावर बंगल्यांचे फोटो काढतात."

तिसरं काळं, बोजड, एका कुशीला पोचा,
दांड्याचं रबर कुणाच्या तरी तळहातानं गुळगुळीत केलेलं.
मी दांडा लोटला.
आधी ते नाही म्हणालं.
मग हो म्हणालं, आणि त्यानंतर
मी घाई केली तरी त्यानं केली नाही.
"आत दाट तेल आहे. ओढ तुमची, वेग त्याचा."

मग त्यांचे आजोबा निघाले, तंबोऱ्याच्या खुंट्या घडवणारे.
खुंटी सैल असली की सूर उतरतो,
घट्ट असली की झटक्यानं चढतो,
हवा तो मधेच राहून जातो.
"हे मी डोक्याबद्दलच सांगतोय, मॅडम."
साडेआठ म्हणाले, आठवर आले,
आणि पैसे मोजून झाल्यावर सांगितलं
की आतल्या स्प्रिंगचा तीन नंबर लागत नाही.

लागतच नाही.
दोनवर लेन्स पुढं वाकते, चारवर मागं उठते.
प्लेट थोडी मागं घेतली, पट्ट्याला पाण्याची बाटली बांधली,
अर्धी प्याले, तेव्हा कुठं जमलं.

ढालगावचा माळ. डिसेंबर. बोटं बधिर.
पहिल्यांदा डावीकडून उजवीकडे फिरवलं
तर पहिली पवनचक्की ताठ
आणि शेवटची दारू प्यायल्यासारखी.
बुडबुडा बघायचा राहिला होता.
एक पाय दोन इंच उतरवला. पुन्हा.
आता सगळ्या ताठ.

साडेसातला भोवत्या आला.
राखी पंख, टोकं शाईत बुडवून काढलेली,
गवताच्या वितभर वरून, काहीतरी हरवल्यासारखा
खाली बघत बघत.
मी दांड्यावर दोनच बोटं ठेवली.
तो हळू झाला, मी हळू झाले.
तो वळला तेव्हा खांद्यातून वळले मी, मनगटातून नाही,
श्वास कुठं ठेवला होता ते आठवत नाही.
अकरा सेकंद.
मग तो पडल्यासारखा गवतात गेला
आणि माझा हात थांबला नाही.
तेलानं थांबू दिलं नाही, असं मी सांगते.

सोमवारी स्टाफरूममध्ये लावलं.
सगळे चहा विसरून बघत होते,
तारळेकर सरसुद्धा.
शेवटी ते म्हणाले, हा पुढचा भाग कापून टाका,
यात पक्षी कुठंय?

चार सेकंद नुसतं गवत,
एकाच चालीनं सरकणारं, कुठंही न अडखळता.
कापते, म्हटलं.
अजून कापलेलं नाही.