पस्तीस अंश

सकाळी आठ. इन्व्हरकार्गिलच्या दवाखान्यात
आधी पाण्याचं तसराळं तापतं, मग हीटर.
मोराग म्हणते, माणसं थांबतील,
प्लास्टिक थांबत नाही.

माझं काम : टॉवेलच्या घड्या,
टोपलीतले कपड्यांचे चिमटे मोजणं
(काल एकोणीस होते, आज सतरा),
मळायचे गोळे रंगाप्रमाणे लावणं –
पिवळे मऊ, हिरवे चिवट,
निळे कुणाच्या बापाला न बधणारे.
आणि मध्ये न बोलणं.
हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

नऊला विलिआमी. कत्तलखान्यात हाडं सोडवतो.
मेंढीच्या खांद्यावरून सुरी घसरली
ती त्याच्या अनामिकेवर, मुळाशी, आडवी.
आतली दोरी तुटली. सर्जननं शिवली. बाकीचं आमच्याकडे.

पूर्वी या जागेला म्हणत
कुणाचीच नसलेली जमीन :
इथं शिवलेलं टिकत नाही, हात लावू नये.
मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.
आता ती जमीन समोर, टॉवेलवर, उताणी,
किंचित घामेजलेली,
कडेनं टाक्यांच्या खुणा, लाल मुंग्यांची रांग.

मोराग त्याचं बोट आपल्या बोटांनी मिटवते.
आता तू. ताकद लावू नकोस, नुसतं मनात आण.
तो मनात आणतो. कपाळावर शीर येते.
पेर हलतं. हललं का?
मी कोनमापक लावते. पस्तीस अंश.
मागच्या मंगळवारी तेवीस.

बारा अंश म्हणजे किती, तो विचारतो.
मी पुस्तकातलं सांगायला तोंड उघडते.
मोराग म्हणते, शर्टाचं एक बटण.
वरचं नाही, मधलं.

आणि सुरी?
टोंगात आईच्या घरावर पत्रे चढायचेत.
बारा आठवडे, मोराग म्हणते,
तोवर पावाला लोणी लावायचीसुद्धा नाही.

दुपारी सँडविच खाताना मी बोलून टाकते :
एवढे अंश गोळा करायचे
ते त्याच पात्याकडे परत पाठवायला?
ती चावत राहते. मग म्हणते,
पात्याकडे नाही, पगाराकडे.
हे खोटं नाही. पुरेसंही नाही.
दोघींना कळतं, आणि दोघी
उरलेला पाव संपवतो.

तेव्हाच दिसतं : लोणच्याच्या बरणीचं झाकण
ती तळव्यानं फिरवते,
अंगठा बाजूला, पाहुण्यासारखा.
पेनावर रबर गुंडाळलेलं.
तीस वर्षं दुसऱ्यांचे सांधे दाबता दाबता
तिचा स्वतःचा मुळाशी झिजलेला.

माझ्या शेवटच्या शुक्रवारी, दाराला कडी घालून
ती पेशंटच्या खुर्चीत बसते, हात पुढे करते.
कर माझी पट्टी. वाकडी झाली तर शेऱ्यात लिहीन.

मी पांढरा तुकडा पाण्यात सोडते.
पांढरं हळूहळू जातं,
आरपार तळाचे बुडबुडे दिसले की झालं.
पुसते, स्वतःच्या मनगटावर चटका बघते,
मग तिच्या अंगठ्याभोवती.

निवायला चार मिनिटं. सोडायचं नाही, हलायचं नाही.
बाहेर दक्षिणेचा वारा पाटीला धडका देतोय.
तिचा हात माझ्या अंदाजापेक्षा लहान निघतो.

तिसऱ्या मिनिटाला ती म्हणते, फार घट्ट धरलंयस.
मी सैल करते.
आता ढिलं झालं, ती म्हणते.