दोन वाजताची पाळी

अल हमराच्या वर, उघड्या डोंगरावर
आमच्या कंपनीचा टॉवर आहे, नंबर चारशे सतरा.
परवाच्या वादळात त्याची मान गेली.
खाली खजुरांत गाव,
आणि गावात एकाही फोनला रेंज नाही.

मी रात्रीच पोचलो.
धूळ बसली होती, वारा बसला नव्हता.
वाऱ्यात वर चढायला मनाई, म्हणून
थर्मास घेऊन फलजच्या काठावर बसलो.

फलज म्हणजे आपला पाट.
फक्त हा डोंगराच्या पोटातून येतो.
कुणी खणला विचारलं तर
लोक आजोबांच्याही मागे बोट दाखवतात.
आधी पिण्याचं, मग मशिदीत हातपाय धुवायचं,
मग खजूर, शेवटी लसूणघास.
वाटा अर्ध्या अर्ध्या तासाचा. त्याला अथर म्हणतात.
कुणाचे सात अथर, कुणाचा पाव,
एका विधवेचा एक, तो ती भाड्यानं देते,
आणि काही खुद्द फलजच्या नावावर:
ते लिलावात जातात, त्या पैशातून गाळ निघतो.
पाणी आपली डागडुजी आपणच कमावतं.
हे मला शफीकुलनं सांगितलं, कुमिल्ल्याच्या.
मालक मस्कतला, बाग याच्या हातात.

पूर्वी पाळी सावलीवर होती.
मोकळ्या जागेत एक खांब, जमिनीवर दगडांच्या खुणा.
रात्री कुठला तारा
समोरच्या भिंतीवर चढला ते बघायचं.
आता ग्रुप आहे व्हॉट्सअ‍ॅपवर.
म्हातारा खल्फान हिशेब सांगतो, नातू टाईप करतो:
शफीकुल, दोन वाजता.
तो निरोप माझ्या टॉवरवरून जातो.
म्हणजे, जायचा.

माझे वडील पाटकरी होते, पांझरेवर, साक्रीच्या अंगाला.
फडात मालकानं आपल्या शेताला पाणी धरायचं नाही, असा रिवाज.
बारेकरी भरणार, सगळ्यांचं, एका टोकापासून.
मालक बांधावर आलाच तर वडील म्हणायचे,
घरी जा भाऊ,
तुझं शेत मला माहीत नाही, मला फक्त उतार माहीत आहे.
मग विहिरी आल्या. मोटारी आल्या.
ज्याचं त्याचं पाणी, ज्याची त्याची झोप.
फड कुणी मोडला असं नाही.
एका वर्षी गाळ काढायला अकरा माणसं आली.
पुढच्या वर्षी तीन.
त्यात एक वडील, एक मी.

पावणेदोन.
शफीकुल खाटेवर घोरत होता, उशाशी मुका फोन.
उठवावं का? पण मला काय ठाऊक
आज कुणाचं घड्याळ खरं.

वरच्या अंगानं बॅटरी हलली.
सालिम बिन हमूद, वरच्या बागेचा.
एका लिंबाच्या फांदीवरून
दोघांचं दोन महिने बोलणं बंद आहे.
त्यानं भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ.
वाकला. आपल्या तोंडाशी दगड लावला,
फटीत चिंध्या कोंबल्या,
शफीकुलच्या तोंडचा दगड काढला.
हाक नाही मारली.
पायानं खाट हलवली आणि गेला.

काळोखात पाणी येतं तेव्हा
आधी वास येतो, मग आवाज.
शफीकुल लुंगी खोचत फावडं घेऊन धावला.
मी उगाच बॅटरी धरली.
कुणी मागितली नव्हती.

पहाटे वारा पडला. वर चढलो.
वरून फलज दिसत नाही,
हिरवं कुठे आहे त्यावरून ओळखायचा.
साडेसहाला अँटेना सरळ झाली
आणि खजुरांच्या झाडाझाडांखालून
गाव एकदम वाजायला लागलं.
त्यात शफीकुलचाही फोन: शफीकुल, दोन वाजता.
त्याचा लसूणघास तोवर न्हाऊन उभा होता.

माझ्या खिशातही थरथरलं.
धाकट्या भावाचा फोटो, चिखलात न्हालेला:
सहाशे वीस फुटांवर लागलं, दादा!
पट्टा कमरेला, पाय लोखंडावर,
एका अंगठ्यानं टाईप केलं:
शेजारच्या रोहिदासच्या विहिरीला
किती पाणी आहे?